नागरिकत्वाचे शिक्षण आणि आपली मुले

नागरिकशास्त्र हा विषय माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांना फारसा प्रिय नसतो, हे पालकांस ठाऊक आहे. गणितात गुण कमी पडले की घरात चिंता पसरते; नागरिकशास्त्रात पडले तर "पुढच्या खेपेस नीट पाठ कर" एवढ्यावर भागते. तेव्हा मुलांनी या विषयास दुय्यम मानले, तर तो धडा त्यांनी वडीलधाऱ्यांकडूनच घेतलेला असतो.

परंतु या अनास्थेवरून मुले देशाविषयी उदासीन आहेत असे अनुमान काढणे आम्हांस अन्यायाचे वाटते. कोठे पूर आला तर हीच मुले धान्य व कपडे गोळा करीत दारोदार हिंडतात. त्यांचे मन विटते ते पुस्तकातील नागरिक आणि व्यवहारातील नागरिक यांच्यामधील अंतरामुळे. विधेयकाचा कायदा कसा होतो हे ती सकाळी पाठ करतात. आणि सायंकाळी दाखला लवकर मिळावा म्हणून घरच्यांनी दिलेली चिरीमिरी पाहतात. यांतील कोणता धडा खरा, हे ठरविण्यास त्यांना शिक्षकाची गरज भासत नाही.

मग नागरिकत्व शिकविता येते काय? एक पक्ष म्हणतो, हे गुण मुळातच असावे लागतात. शाळा त्यात काय करणार? दुसरा म्हणतो, कर्तव्ये घोकून घ्यावीत, म्हणजे झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा सभेपुढे मांडताना असा विचार सांगितला की, संवैधानिक नीती माणसात उपजत नसते. ती जोपासावी लागते. उपजत नसेल तर पहिला पक्ष टिकत नाही. आणि जोपासावयाची असेल तर नुसते पाठांतर पुरत नाही.

कर्तव्यांचेच पाहा. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने दहा मूलभूत कर्तव्ये संविधानात आली. २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीने अकरावे आले. त्यांत राष्ट्रध्वजाचा आदर सांगितला आहे, तशीच शोधक बुद्धी वाढविण्याची आज्ञाही आहे. आदर करणारे मूल आपणांस आवडते; प्रश्न विचारणारे उद्धट वाटते. म्हणजे एका कर्तव्यास शाबासकी आणि दुसऱ्यास दटावणी! अकरावे कर्तव्य तर मुलांचे नव्हेच. सहा ते चौदा वर्षांच्या पाल्यास शिक्षणाची संधी देण्याचे ते पालकांचे कर्तव्य आहे. पाठ मात्र मुलांनी करावयाचे.

१९८९ पासून मतदानाचे वय एकवीसवरून अठरा झाले आहे. दहावीतील मुलास मतदार होण्यास दोन-तीन वर्षेच उरतात. या अवधीत त्याला नागरिकपणाची सवय कोठे लागावी?

आमची एक साधी सूचना आहे. आपल्या संस्थेच्या वार्षिक सभेत नववी-दहावीच्या मुलामुलींस बसू द्यावे. ठराव कसा मांडतात, विरुद्ध मत कसे ऐकून घेतात, इतिवृत्तात काय नोंदवितात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहावे. जमाखर्चाविषयी कोणी प्रश्न केला, तर "तुला काय कळते?" असे न म्हणता उत्तर द्यावे. पंधरा वर्षांच्या मुलास जो हिशेब समजावून देता येत नाही, तो आपण मोठ्यांनी एकदा पुन्हा तपासून पाहावा, हे बरे.