गेटच्या आत, गेटच्या बाहेर

शहरातल्या कोणत्याही बऱ्यापैकी वस्तीत कचऱ्याचा ढीग कुठे असेल, हे न बघता सांगता येतं. दोन सोसायट्यांच्या कंपाउंडच्या भिंती जिथे एकमेकींना चिकटतात, जिथे कुणाचंच गेट उघडत नाही, कुणाच्या स्वयंपाकघराची खिडकी येत नाही आणि कुणाच्या वॉचमनची खुर्ची नसते, तिथे. शेजारी बहुधा विजेचा डीपी आणि आपोआप उगवलेलं सुबाभळीचं झाड असतं. पुणे महापालिकेची माणसं अशा जागेला 'क्रॉनिक स्पॉट' म्हणतात. ढीग जरा निरखून पाहिला तर तो गरिबाघरचा नाही हे लगेच कळतं. फ्रिजच्या खोक्यातला थर्माकोल, बाथरूम नवं केल्यावर निघालेल्या टाइल्सचे तुकडे, गाठ मारलेल्या पिशवीतलं निर्माल्य, नारळाच्या शेंड्या, फाटलेल्या गादीचा कापूस. दोन्ही सोसायट्यांचे सेक्रेटरी शपथेवर सांगतील की हा सगळा 'बाहेरच्यांचा' कचरा आहे.

महापालिका सकाळी ढीग उचलते, संध्याकाळपर्यंत तो पुन्हा जमतो. मग फलक लागतो, दंडाची धमकी लागते. भिंतीवर देवांच्या टाइल्स बसतात. साईबाबा, मक्का आणि क्रूस एका ओळीत. सर्वधर्मसमभाव आपल्याकडे इतक्या बिनबोभाट दुसरीकडे कुठे नांदत नसेल. उत्साही अधिकारी असला तर तिथे रांगोळी काढली जाते, कुंड्या ठेवल्या जातात, बाक टाकला जातो. काही ठिकाणी त्याने खरोखरच फरक पडतो. पुष्कळ ठिकाणी ढीग वीस पावलं सरकून पुढच्या बिनमालकीच्या कोपऱ्यात बसतो.

कारण आपली स्वच्छता हद्दीची असते. घर आपण झकास ठेवतो, त्याबद्दल कुणी नाव ठेवू नये. ओटा लखलखीत, फरशी दोन वेळा पुसलेली, दिवाळीच्या आधी माळ्यावरचे डबेसुद्धा उतरवून घासलेले. पूर्वी ही हद्द उंबरठ्याशी संपायची, सोसायट्या आल्या तेव्हा गेटपर्यंत गेली. तेवढी प्रगती मान्य केली पाहिजे. पण घाण हद्दीपलीकडे गेली की ती संपली, हा आतला हिशेब बदलला नाही. माझा मुद्दा असा की वस्ती नीटनेटकी ठेवण्याच्या नावाखाली आपण जे करतो, त्यातलं बरंचसं काम हे काम करणं नसून ते सरकवणं असतं. कचरा दुसऱ्याच्या गावात सरकतो, दुरुस्ती पुढच्या पिढीकडे, आणि सुरक्षितता बारा तासांच्या पाळीवरच्या एका वॉचमनकडे.

गावाची गोष्ट पुणेकरांना तरी नवी नाही. शहराचा कचरा पूर्वी कोथरूडच्या डेपोवर जायचा. कोथरूड शहर झालं, तिथे फ्लॅट झाले, तशी डेपोविरुद्ध ओरड झाली आणि कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या हद्दीत जाऊ लागला. कोथरूडच्या त्या जागेवर आज मेट्रोचा डेपो उभा आहे. फुरसुंगीच्या वाट्याला कचऱ्याचे डोंगर आले, उन्हाळ्यात त्यांना लागणाऱ्या आगी आल्या, विहिरींचं पाणी पिण्याच्या लायकीचं उरलं नाही म्हणून पाण्याचे टँकर आले. २०१७ च्या एप्रिल-मेमध्ये अशाच एका आगीनंतर गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या आणि तीनएक आठवडे शहराचा कचरा शहरातच साचत राहिला. त्या दिवसांत पुण्यात जो तो नाकाला रुमाल लावून प्रशासनाला शिव्या घालत होता. फुरसुंगीला तो वास वर्षानुवर्षं येत होता, ही गोष्ट मात्र फार थोड्यांच्या बोलण्यात आली. मुंबईकरांनी यात हसण्यासारखं काही नाही. देवनारचं कचरामैदान १९२७ पासून त्यांची हीच सोय करत आलं आहे.

यावर उपाय ठाऊक नाही असंही नाही. केंद्राच्या २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा घरातच वेगळा करायला सांगितलं. पाच हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या गृहसंकुलांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा, असंही त्यात होतं. मोठ्या संकुलांच्या मागच्या बाजूला म्हणूनच खतप्रकल्पाचे विटांचे हौद दिसतात. त्यांतले काही चालतात. काही भोगवटा प्रमाणपत्र किंवा मालमत्ताकरातली सवलत मिळेपर्यंत चालतात, मग त्यांत माळी खुरपी आणि जुने पाइप ठेवतो.

जिथे हे काम खरोखर होतं, तिथे ते कोण करतं ते पाहण्यासारखं आहे. पुण्यात १९९३ मध्ये बाबा आढाव आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कचरा वेचणाऱ्या बायकांची ती संघटना. तिच्यातूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली, आणि २००८ मध्ये महापालिकेशी करार होऊन तिच्या सदस्य घरोघर जाऊन कचरा गोळा करू लागल्या. आपण बादली दाराबाहेर ठेवतो आणि दार लावून घेतो. खाली गेटपाशी ती बाई पिशवी उघडते. भाजीच्या देठांत दाढीचं ब्लेड निघतं, आमटीने माखलेल्या दुधाच्या पिशव्या निघतात, वापरलेले सॅनिटरी पॅड आणि डायपर उघडेच हाताला लागतात. ते कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढावा, म्हणजे न उघडता कळेल, एवढीच मागणी घेऊन या बायकांनी शहरभर मोहीम चालवली. पेनाने एक ठिपका काढायला दोन सेकंद लागतात. आपल्या घरातून जाणाऱ्या पुड्यावर तो असतो का, हे ज्याचं त्याने बघावं. आणि महिन्याचे सत्तर-ऐंशी रुपये तिला देताना 'महापालिका कर घेते ना' हा युक्तिवाद ज्या घरांतून ऐकू येतो, त्या घरांतून पार्किंगमध्ये नवे ग्रॅनाइट बसवण्याच्या वर्गणीला सहसा हरकत येत नाही.

उलट उदाहरणही आहे, आणि ते घाटकोपरचं आहे. तिथल्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी १९९६-९७ च्या सुमारास पालिकेच्या वॉर्ड ऑफिसशी जुळवून घेऊन आपल्या गल्लीचा कचरा, झाडलोट आणि रस्ता यांची जबाबदारी वाटून घेतली. त्यातूनच मुंबई महापालिकेची एएलएमची, म्हणजे 'अॅडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट'ची, योजना आकाराला आली. मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की त्यांनी एकक म्हणून इमारत धरली नाही, गल्ली धरली. गल्ली धरली की तो डीपीजवळचा कोपरा आपोआप कुणाच्या तरी हद्दीत येतो. पुढे मुंबईभर शेकडो एएलएम निघाली, त्यांतली पुष्कळ दोन-चार निवृत्त, चिवट माणसांच्या बळावर चालली आणि ती माणसं थकल्यावर थंडावली. त्यांना 'यांना काही कामधंदा नाही' म्हणणारेही त्याच गल्लीत राहत होते.

आता दुरुस्तीकडे वळू. इथे सरकवणं जास्त सभ्य असतं, कारण ते इतिवृत्तात नोंदवून होतं.

सोसायटीच्या आदर्श उपविधींत सिंकिंग फंडाची तरतूद आहे. दर वर्षी फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के; दुरुस्ती-देखभाल निधीसाठी ०.७५ टक्के. ऐकायला ठीक वाटतं. गोम अशी आहे की हा बांधकाम खर्च आजचा धरत नाहीत. इमारत उभी राहिली तेव्हा आर्किटेक्टने दाखवलेला खर्च धरतात, तोही जमिनीची किंमत वगळून. समजा, १९९० मध्ये एका फ्लॅटचा बांधकाम खर्च दोन लाख आला. त्याचे ०.२५ टक्के म्हणजे वर्षाला ५०० रुपये, महिन्याला साधारण ४२. वीस फ्लॅटचे मिळून वर्षाला दहा हजार, तीस वर्षांत तीन लाख, वर व्याज. तेवढ्यात आज अख्ख्या इमारतीचं प्लास्टर सोडा, गच्चीचं वॉटरप्रूफिंग उरकलं तरी नशीब. कायद्याने हा दर किमान म्हणून दिला आहे. सर्वसाधारण सभेला तो वाढवता येतो. ती वाढवते का, हे कोणत्याही सेक्रेटरीला विचारा. रंगकामाचा ठराव टाळ्यांत मंजूर होतो, कारण रंग पाहुण्याला दिसतो. निधीचा ठराव आला की कुणीतरी घड्याळ बघतं.

इमारत मात्र सभेची वाट बघत नाही. गच्चीच्या चिरेतून पाणी आत शिरतं, काँक्रीटमधल्या सळईपर्यंत पोचतं. सळई गंजते, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे काँक्रीट आतून फुटायला लागतं. बाहेरून आधी एक बारीक रेघ दिसते, मग तांबूस ओल, मग बाल्कनीच्या खालच्या बाजूच्या खपल्या. या टप्प्यावर पुष्कळ ठिकाणी पुट्टी मारून वरून रंग देतात. रोग झाकायला याहून स्वस्त साधन नाही. पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुनीचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट व्हावं, असं उपविधी सांगतात. त्यावर हल्ली एकच उत्तर तयार असतं: 'रिडेव्हलपमेंट होणारच आहे, आता कशाला खर्च?' हे 'होणारच आहे' दहा-दहा वर्षं चालू राहतं आणि तेवढी वर्षं माणसं त्याच बाल्कनीखालून ये-जा करतात.

सुरक्षिततेबद्दल फार लिहीत नाही. कॅमेरे किती आणि बूम बॅरियर कसला, यावर सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांत रोज लिहिलं जातंच. जेन जेकब्ज या बाईंनी १९६१ मधल्या आपल्या पुस्तकात न्यूयॉर्कच्या गल्ल्यांबद्दल मांडलं होतं की रस्ता सुरक्षित ठेवतात ती त्यावर असलेली माणसांची नजर. गिरगावच्या चाळीतल्या माणसाला हे सांगायला पुस्तक लागलं नसतं. गॅलरीत भाजी निवडत बसलेल्या आजींच्या नजरेतून जिन्यावर चढणारा परका माणूस सुटत नसे. त्या नजरेचा जाचही होता, विशेषतः तरुण मुलींना, हे विसरून चाळीचे गोडवे गाऊ नयेत. पण आज आपण काय करतो? गेटजवळचा इस्त्रीवाला, जो सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत तिथे उभा असतो, ज्याला कुणाची मोलकरीण कधी येते आणि कुणाचा मुलगा कोणत्या बसने उतरतो हे ठाऊक असतं, त्याला 'अतिक्रमण' म्हणून हटवायला लावतो. आणि मग त्याच जागेवर नजर ठेवायला खांबावर कॅमेरा बसवतो, ज्याचा डीव्हीआर चोरी झाल्यावर बंद असल्याचं कळतं.

राहतो प्रश्न निर्णय कोण घेतं याचा. सोसायटीत राहणाऱ्या भाडेकरूला सभेत मत नसतं. लिफ्ट बंद पडली की जिने तो चढतो, गच्ची गळली की बादली तो लावतो. ज्याला मत असतं तो मालक कित्येकदा बंगळुरूला असतो किंवा न्यू जर्सीला, बिगर-वास्तव्य शुल्क भरतो, आणि तेही सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. मेंटेनन्स वाढला की भाड्यातली शिल्लक कमी होते, म्हणून त्याचा कल विरोधाकडे. यात त्याला खलनायक ठरवण्यासारखं काही नाही. गळणाऱ्या छपराखाली जो झोपत नाही, त्याला ते छप्पर तातडीचं वाटत नाही, इतकंच. झाडूवाली, वॉचमन, इस्त्रीवाला यांचा तर प्रश्नच नाही.

वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, म्हणजे पावसाळा सरत आला की. गळती कुठे आहे हे त्या वेळी भिंतींवर लिहिलेलं असतं. तेव्हाच सिंकिंग फंडाचा दर आजच्या बांधकाम खर्चावर मोजण्याचा ठराव मांडावा, भाडेकरूंना मताचा नाही तरी बोलण्याचा हक्क द्यावा, आणि शेजारच्या सोसायटीच्या कमिटीला एका विषयापुरतं बोलवावं: दोन्ही भिंतींमधला तो कोपरा. 'ते महापालिकेचं काम आहे' असं कुणीतरी म्हणेलच, आणि त्याचं बरोबर असेल. कर आपण भरतो, काम तिचं आहे. पण पुण्या-मुंबईच्या नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यानंतर कित्येक वर्षं निवडणुकाच झाल्या नाहीत, कारभार प्रशासकांच्या हाती राहिला, आणि त्या काळात वॉर्ड ऑफिसला खेटे घालून कोपरे साफ करून घेतले ते त्याच चिवट, 'कामधंदा नसलेल्या' चार जणांनी. त्यांच्यातल्या एकाला तरी यंदा कमिटीवर घ्यायला हरकत नसावी. बहुतेक तो नाही म्हणेल. त्याला पुन्हा विचारावं लागेल.