नवशिक्याच्या हाती वेग

मुलाला अठरा वर्षे पूर्ण झाली की आपल्या बहुतेक घरांतून मोटारसायकलचा विषय निघतो. आजोबांच्या पिढीने सायकलवर आणि वडिलांच्या पिढीने स्कूटरवर समाधान मानले. नव्या पिढीला मात्र पुढे झुकून बसावयाची, शर्यतीच्या गाडीसारखी दिसणारी, पाहता पाहता शंभरी गाठणारी मोटारसायकल हवी असते. आई घाबरते, वडील हप्त्यांचा हिशेब मांडतात, आणि अखेर ‘सगळ्यांकडे आहे’ या एका वाक्यावर निर्णय होऊन जातो. आम्हांला वाटते, हा प्रश्न हौसेचा आणि पैशाचा आहे तितकाच नीतीचाही आहे. एखादी शक्ती वापरण्याचा सराव ज्याला नाही, त्याच्या हाती ती पूर्णांशाने देणे योग्य आहे काय?

प्रथम ही शक्ती केवढी, ते पाहू. १९८५ साली आलेली यामाहा आरएक्स १०० ही गाडी तिच्या काळी चपळ म्हणून नावाजली गेली. तिची शक्ती सुमारे ११ अश्वशक्ती होती. २०१३ साली चाकणच्या कारखान्यातून विक्रीस आलेल्या केटीएम ३९० ड्यूकची शक्ती ४३ अश्वशक्तीच्या आसपास होती. एका पिढीच्या अंतराने मध्यमवर्गीय घराच्या आवाक्यातील शक्ती जवळजवळ चौपट झाली. माणसाचे मनगट, डोळा आणि घाबरण्याची रीत मात्र होती तशीच राहिली.

नवशिका चुकतो, आणि चुकतच शिकतो. हलक्या गाडीवर मूठ थोडी जास्त पिळली गेली तर गाडी किंचित दचकते, एवढेच. जोमदार गाडीवर तेवढ्याच चुकीने ती उसळते. स्वार मागे फेकला जातो, घाबरून मूठ घट्ट धरतो, आणि त्या धडपडीत मूठ आणखीच पिळली जाते. वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सोळा मीटरहून अधिक अंतर कापते, म्हणजे संकट दिसून ब्रेककडे बोटे जाईपर्यंत एवढा रस्ता मागे पडलेला असतो. जाणत्या स्वाराच्या हाताला हे हिशेब पाठ झालेले असतात. नवशिक्याला ते दर वेळी नव्याने मांडावे लागतात, आणि रस्ता त्यासाठी थांबत नाही.

यावर तरुण मंडळी जे उत्तर देतात ते झिडकारण्याजोगे नाही. गाडी कितीही शक्तिमान असली तरी मूठ आपल्याच हाती असते, हळू चालवावी म्हणजे झाले, असे ते म्हणतात. शिवाय मोठ्या गाडीचे ब्रेक व टायर अधिक चांगले असतात. २०१९ पासून १२५ सी.सी.हून मोठ्या सर्व नव्या दुचाकींना चाक जखडू न देणारी एबीएस यंत्रणा सक्तीची झाली; लहान गाड्यांना त्या वेळी जोड-ब्रेकची सवलत मिळाली. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांतील ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची होती. ती सारी काही शर्यतीच्या गाड्यांवर नव्हती. लहान गाडी म्हणजे सुरक्षितता, असे समीकरण कोणी मांडू नये.

त्यांचा आणखी एक मुद्दा स्वातंत्र्याचा आहे. सज्ञान माणसाने स्वतःचा धोका स्वतः पत्करला तर इतरांनी आड का यावे? जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज विचारवंताने १८५९ साली याच प्रश्नावर एका मोडकळीस आलेल्या पुलाचा दाखला दिला होता. पूल धोक्याचा आहे हे पांथस्थाला ठाऊक नसेल तर त्याला क्षणभर अडवणे हे त्याच्या स्वातंत्र्यावरचे आक्रमण नव्हे. त्याला धोका कळला, की निर्णय त्याचा. हा दाखला आम्हांला पटतो, आणि नवशिक्याची अडचणही त्यातच दिसते. धोका आहे हे त्याने ऐकलेले असते, पण ते ज्ञान अद्याप त्याच्या हातात उतरलेले नसते. तरुण मनुष्य भूमितीत पारंगत होऊ शकतो, परंतु व्यवहारातील विवेक अनुभवाने येतो आणि अनुभवाला काळ लागतो, असे ॲरिस्टॉटलनेही नोंदविले आहे. जो धोका अजून उमगलेलाच नाही, त्याला दिलेली संमती अर्धीच ठरते. ‘हळू चालवीन’ हे वचन तो प्रामाणिकपणे देतो. ते पाळण्यास लागणारे कसब मात्र वचनाबरोबर येत नाही.

त्यातही हा धोका त्याच्या एकट्याचा नसतो. मागे बसलेली बहीण, बाजार करून रस्त्याच्या कडेने परतणारी म्हातारी, सायकलवरचा शाळकरी मुलगा, यांपैकी कोणालाही विचारून त्याने मूठ पिळलेली नसते.

युरोपीय संघाने २०१३ पासून यावर पायऱ्यांचा मार्ग काढला. साधारणतः सोळाव्या वर्षी १२५ सी.सी.पर्यंतची गाडी, अठराव्या वर्षी सुमारे ४७ अश्वशक्तीपर्यंतची, आणि त्यापुढची हवी असल्यास दोन वर्षांचा अनुभव किंवा चोवीस वर्षांचे वय. वर उल्लेखिलेली गाडी तेथेही अठराव्या वर्षी चालविता येते, पण त्या वर्गाची वेगळी परीक्षा दिल्यानंतरच. आपल्याकडे गिअरच्या गाडीचा परवाना एकदा हाती आला की शंभर सी.सी. आणि हजार सी.सी. यांत कायदा भेद करीत नाही. अल्पवयीन मुलाने गाडी चालविली तर पालकाला अथवा गाडीच्या मालकाला २०१९ च्या दुरुस्तीनुसार तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. अठरा पूर्ण होताच मात्र पायऱ्या बांधण्याचे काम कुटुंबावर येऊन पडते.

म्हणून आमचे मत असे, की पहिली गाडी म्हणून शर्यतीच्या धाटणीची शक्तिमान मोटारसायकल योग्य नव्हे. याचा अर्थ ती कधीच नको, असाही नव्हे. शंभर-सव्वाशे सी.सी.च्या गाडीवर वर्षभर, त्यात एक संपूर्ण पावसाळा, निसरड्या रस्त्यांवर आणि हमरस्त्यावरील ट्रकांच्या वर्दळीत हात बसू द्यावा. पुढचा ब्रेक किती दाबावा, वळणापूर्वी वेग कोठे उतरवावा, हे अंगवळणी पडले की मग मोठ्या गाडीचा विचार करावा. मुलाला ‘नाही’ म्हणण्याऐवजी ‘अजून नाही’ म्हणावे आणि ‘केव्हा’ तेही सांगावे. मुदत ठरलेली असली की नकार अपमानासारखा बोचत नाही. आणि दोन गाड्यांच्या किमतींतील फरकाचे जे पैसे उरतील, त्यांतून दोन उत्तम हेल्मेटे घ्यावीत, एक स्वाराला आणि एक मागे बसणाऱ्याला.