उच्चारणे आणि बोलणे

महाराष्ट्रातील मराठी शाळांतूनही इ. स. २००० पासून इयत्ता पहिलीतच इंग्रजी शिकविली जाते. वसईतील कित्येक मुले घरी सामवेदी बोली बोलतात, शाळेत मराठी; इंग्रजी ही त्यांची तिसरी भाषा. शिक्षिका एक वाक्य उच्चारतात आणि सारा वर्ग ते एका सुरात परत म्हणतो. आवाज पुष्कळ होतो. परंतु त्यात खरोखर बोलले कोण? हा प्रश्न आम्हांला केवळ अध्यापनाचा नव्हे, तर नीतीचाही वाटतो.

घोकंपट्टी सर्वस्वी त्याज्य नाही. जीभ तिनेच वळते. पण उच्चार पोपटालाही जमतो. बोलण्यासाठी स्वतःचे काही सांगायचे असावे लागते आणि ते ऐकून घेणारे कुणीतरी समोर असावे लागते.

संत ऑगस्टीन यांनी आपल्या आत्मकथनात बालपणीच्या दोन भाषांची तुलना केली आहे. लॅटिन त्यांना दायांच्या लाडांतून, हसण्याखेळण्यातून आली. ग्रीक मात्र शिक्षेच्या धाकाने शिकविली गेली आणि ती त्यांना नकोशी झाली. धाकापेक्षा मोकळी जिज्ञासाच भाषा शिकविण्यास अधिक समर्थ असते, असे त्यांचे मत पडले.

धाक नसला तरी घाई असतेच. अमेरिकन संशोधिका मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांचे निरीक्षण केले, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी सरासरी एकच सेकंद थांबतात, असे आढळले. ते तीन सेकंद थांबू लागताच मुलांची उत्तरे विस्तृत झाली आणि मागे राहणारी मुलेही बोलू लागली. परकी भाषा शिकणाऱ्या मुलाला तर आधी प्रश्न उमगायचा असतो, मग मनातल्या भाषेत उत्तर शोधायचे असते आणि मग शब्द जुळवायचे असतात. हा अवधी त्याला नाकारला, की उत्तरे त्याच चारपाच चपळ मुलांकडून येतात आणि बाकीची स्वतःला 'ढ' समजू लागतात. अभ्यासक्रम वेळेत संपतो, हे खरे. पण त्याची किंमत कोण चुकविते, हेही पाहावयास हवे.

आणि आपल्या घरी तरी वेगळे काय घडते? पाहुण्यांसमोर आपण मुलाला इंग्रजी कविता म्हणावयास लावतो आणि अडखळताच पुढचा शब्द आपणच पुरवितो. त्याऐवजी त्याचे मोडकेतोडके वाक्य त्यालाच पुरे करू द्यावे. व्याकरण उद्याही सुधारता येईल. बोलण्याची मावळलेली उमेद परत आणणे मात्र फार कठीण असते.