खाते पुसले, केलेले कुणाचे?

कॉल सेंटर सोडून जाणाऱ्यांची खाती बंद करणे हा माझ्या नोकरीचा भाग आहे. आमची यंत्रणा ॲमेझॉन कनेक्टवर चालते. मी ती पायथॉनमधून, बोटो-३ या लायब्ररीने हाताळते. माणूस रुजू झाला की 'क्रिएट युजर'. त्यात लॉगिनचे नाव, सिक्युरिटी प्रोफाइल, राउटिंग प्रोफाइल आणि फोनची मांडणी द्यायची. काय करण्याची मुभा आहे ते पहिल्या प्रोफाइलने ठरते, कोणते कॉल वाट्याला येतील ते दुसऱ्याने. यंत्रणा त्या बदल्यात एक लांबलचक ओळख-क्रमांक देते. माणूस गेला की तो क्रमांक घालून 'डिलीट युजर'. हे पुसणे मागे घेता येत नाही.

पुसले जाते ते मात्र खाते. त्या माणसाने घेतलेले कॉल, ताटकळवलेले ग्राहक, सारे जुन्या आकडेवारीत तसेच राहते, नाहीतर मागचे अहवाल जुळणार नाहीत. कर्म शिल्लक, कर्ता नाही. बुद्धघोषांच्या 'विसुद्धिमग्ग' या बौद्ध ग्रंथात हा विचार भेटला, तेव्हा तो मला अजिबात परका वाटला नाही.

या विचारावरचा आक्षेप जुना आणि कडक आहे. कर्ता क्षणोक्षणी बदलत असेल तर केलेले वाया जाईल आणि न केलेले माथी येईल: कृतनाश आणि अकृताभ्यागम. १२व्या शतकात जैन आचार्य हेमचंद्रांनी बौद्धांना हाच दोष दिला. त्याहून जुन्या 'मिलिंदपञ्ह'मध्ये भिक्खू नागसेनांचे उत्तर आंब्याच्या चोराचे आहे. चोर म्हणतो, मालकाने लावला तो आंबा वेगळा, मी तोडला तो वेगळा. तरीही तो शिक्षेला पात्रच, कारण तोडलेला आंबा लावलेल्या आंब्यातूनच आला. मला हे पटते. जबाबदारी टिकायला आतला न बदलणारा कुणी लागत नाही, एकातून दुसरे आल्याचा अखंड दुवा लागतो. गेलेल्या एजंटने पैसे परत देण्याचा शब्द दिला असेल, तर तो कंपनीने पाळायचा. खाते उरले नाही, ही सबब चालू नये.

दुवा टिकवायचा तसा खोटा दुवा जोडायचाही नाही. आडनाव आणि आद्याक्षर तेच असलेली नवी मुलगी येते आणि सुपरवायझर म्हणतात, "मॅडम, जुने लॉगिन मोकळेच आहे, तेच द्या ना." मी देत नाही. ओळख-क्रमांक नवा असला तरी अहवाल वाचणारा माणूस नावच वाचतो, आणि दुसरीच्या तक्रारी हिच्या नावावर चढतात. आचार्यांनी ज्याला अकृताभ्यागम म्हटले ते इथे एका पगारवाढीत दिसते.

सर्वांत अवघड प्रसंग परत येणाऱ्यांचा. बाळंतपणासाठी नोकरी सोडून गेलेली बाई वर्षाने येते. यंत्रणेला ती कोरी, नव्या क्रमांकाची. "माझं आधीचं काम गेलं का हो?" असे ती विचारते, तेव्हा तिला आत्म्यावरचे मत नको असते. मी आमच्या नोंदवहीत तिचा जुना क्रमांक नव्याशेजारी लिहिते आणि मूल्यमापनाला बसणाऱ्यांना दोन्ही क्रमांकांचे अहवाल काढून देते. त्यात तिच्या चांगल्या कॉलांबरोबर तक्रारीही असतात. त्या वगळा, असे अजून एकीनेही म्हटलेले नाही.