गेलेल्या काळाचे माहेर

दिवाळीला लेकी माहेरी येतात. चार दिवस राहतात, आईच्या हातचे खातात, माळ्यावरची जुनी खेळणी काढून मुलांना दाखवतात, आणि भाऊबीज झाली की भरल्या पिशव्या घेऊन परत निघतात. निघताना लेक डोळ्यांना पदर लावते खरी. पण 'मी आता इथेच राहते' असे ती म्हणाली, तर सारे घर चमकून तिच्याकडे पाहील. माणसाचा गेलेला काळ हेही त्याचे एक माहेरच आहे. तिथे किती दिवस राहावे? आणि परत फिरण्याची आज्ञा कुणी कुणाला द्यावी?

हा प्रश्न मला एका इंग्रजी चित्रपटाने घातला. २०२३ च्या पावसाळ्यात एका रविवारी आम्ही घरची चार माणसे 'इंडियाना जोन्स अँड द डायल ऑफ डेस्टिनी' पाहायला गेलो. साहसी पुराणवस्तुसंशोधकाच्या या मालिकेतला पहिला चित्रपट १९८१ चा. पुढचे १९८४, १९८९ आणि २००८ चे. हा पाचवा. नायकाचे काम करणारे हॅरिसन फोर्ड हा चित्रपट आला तेव्हा ८० वर्षांचे. आरंभीचा प्रसंग १९४४ सालातला. तिथे यंत्राच्या करामतीने त्यांचा चेहरा पुन्हा तरुण केलेला. व्यापारी मोठे हुशार! आमचेच बालपण आम्हाला तिकीट लावून विकतात, आणि आम्हीही ते आनंदाने विकत घेतो.

पण शेवटाकडे हा चित्रपट एकाएकी गंभीर होतो. साल १९६९. माणूस चंद्रावर जाऊन आला आहे, आणि जोन्स नोकरीतून निवृत्त झाला आहे. मुलगा युद्धात गेलेला, पत्नी दुरावलेली. आर्किमिडीजच्या एका यंत्रामुळे तो जाऊन पडतो तो थेट रोमनांनी वेढलेल्या सिराक्यूज नगरीत. ज्या काळाचा आयुष्यभर अभ्यास केला, तो काळ समोर जिवंत उभा! जखमी जोन्स म्हणतो, मला इथेच राहू द्या. बरोबर आलेली त्याच्या मित्राची मुलगी त्याला ठोसा मारून बेशुद्ध करते आणि परत आणते.

बाहेर पाऊस पडत होता. छत्री उघडता उघडता वडील म्हणाले, "राहू द्यायचे होते त्याला. त्या पोरीला काय अधिकार?"

"पण आजोबा, घरी त्याची बायको परत आली होती ना!" माझा मुलगा म्हणाला.

"हो. कुणी येणार असेल, तर गोष्ट निराळी."

माझी आई जाऊन तेव्हा चार वर्षे झाली होती.

वडिलांच्या बोलण्याला उत्तर नाही असे नाही. गतकाळात राहू नये, हे सांगणारे मुद्दे पुष्कळ आहेत, आणि ते खरेही आहेत. आठवण ही निवडून घेतलेली असते. याच मालिकेतल्या १९८४ च्या चित्रपटात भारतीयांना माकडाचा मेंदू खाताना दाखवले होते. आपल्या सरकारने चित्रीकरणाला परवानगी नाकारली, म्हणून ते श्रीलंकेत झाले. आज मात्र आपल्याला त्यातले आठवतात ते अमरीश पुरी आणि त्यांचे भेदक डोळे. शिवाय, जो काळ आपल्याला सोन्याचा वाटतो, त्यात राहणाऱ्यांना तो तसा नव्हता. सिराक्यूज इसवी सनापूर्वी २१२ मध्ये पडले, आणि खुद्द आर्किमिडीज एका रोमन सैनिकाच्या हातून मारला गेला. चित्रपटातल्या यंत्राची कल्पना ज्यावरून सुचली, ते खरे यंत्र १९०१ मध्ये ग्रीसजवळच्या अँटिकिथेरा बेटापाशी बुडालेल्या जहाजात सापडले. त्याची काशाची चक्रे कुणालाही मागे नेत नव्हती. ती पुढे येणाऱ्या ग्रहणांचा अंदाज सांगत होती. जुन्याचा खरा उपयोग हाच, असे कुणीही शिक्षक वर्गात सांगेल. मीही सांगतो.

पण हे मुद्दे बुद्धीला पटतात. दुःखाला ते पटत नाहीत. १६८८ मध्ये योहानेस होफर नावाच्या स्विस वैद्यक-विद्यार्थ्याने या ओढीला 'नॉस्टॅल्जिया' हे नाव दिले. घरी परतणे आणि वेदना या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांचा तो जोड. त्याच्या मते हा घरापासून दूर पडलेल्यांना होणारा रोग होता. त्याचे निदान आज कुणी तसेच्या तसे मानणार नाही. पण त्यात एक मर्म आहे. मागे ओढ लागते ती मागचे फार गोड होते म्हणून नव्हे, तर आहोत तिथे आपले असे काही उरले नाही म्हणून.

म्हणून मला वाटते, त्या मुलीचा ठोसा न्याय्य ठरला तो शेवटच्या प्रसंगामुळे. जोन्स जागा होतो तेव्हा घरात त्याची पत्नी आलेली असते. नुसते ओढून आणून रिकाम्या खोलीत टाकले असते, तर तो उपकार नव्हता, जबरदस्ती होती. सासरी मायेने वाट पाहणारे कुणी असेल, तरच लेकीला 'आता परत जा' म्हणण्यात अर्थ आहे. एरवी ते नुसते हाकलणे. ज्याला आपण परत बोलावतो, त्याच्यासाठी इथला दिवा लावून ठेवणे ही बोलावणाऱ्याची जबाबदारी आहे.

आपण म्हाताऱ्या माणसांना फार सहज सांगतो, 'जुने उगाळू नका.' फार तर कौतुकाने त्यांच्या गोष्टी ऐकतो. पण ऐकणेही पुरे नाही. त्यात ते पाहुणेच राहतात. या दिवाळीत घरातल्या वडीलधाऱ्यांना एखादा उद्याचा प्रश्न विचारून पाहा. अंगणातला आंबा छाटावा की राहू द्यावा, नातवाने कोणती शाखा घ्यावी, आणि ते सांगतील त्याप्रमाणे एखादी गोष्ट खरोखर करा. माणूस वर्तमानात परततो तो उपदेशाने नव्हे. इथे आपल्यावाचून कुणाचे तरी अडते, हे कळल्यावर.