गाठीतलं हाड

समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब, आपल्याच जालना जिल्ह्यातलं, घनसावंगी तालुक्यातलं. दासबोधाच्या पहिल्या दशकात त्यांनी अख्खा समास नरदेहाच्या स्तवनाला दिला आहे. तिसऱ्या दशकाच्या आरंभी जन्मदुःख सांगताना मात्र त्याच देहाला नको नको ते बोलले आहेत. हे दोन्ही समास मी कधी कधी सकाळी पाठोपाठ वाचते. आज वाचताना मोठ्या आतड्याच्या कर्करोगातली एक दुर्मिळ गोष्ट मनातून जाईना.

शस्त्रक्रियेत काढलेली गाठ पॅथॉलॉजिस्टच्या टेबलावर येते. एरवी तिचे काप सहज निघतात. पण एखादीत, फार क्वचित, सुरी करकरते. मग तो तुकडा आम्लात ठेवून मऊ करावा लागतो, तेव्हा कुठे पातळ काप पडतो. सूक्ष्मदर्शकाखाली गुलाबी पट्ट्या दिसतात, त्यांतल्या बारीक खळग्यांत बसलेल्या हाडपेशी दिसतात, काही वेळा मज्जासुद्धा. नुसतं कॅल्शियम साचलेलं नाही, खरंखुरं हाड. आणि तेही आतड्यात!

खनिज काढून टाकलेलं हाड प्राण्याच्या स्नायूत ठेवलं तर तिथे नवं हाड धरतं, हे मार्शल युरिस्ट यांनी १९६५ मध्ये दाखवलं. त्यामागच्या प्रथिनांना बीएमपी म्हणतात. मोडलेला हात सांधताना हीच प्रथिनं कामाला येतात. गाठीतल्या पेशी ती सोडत असाव्यात आणि भोवतालच्या साध्या तंतुपेशी हाड बांधू लागत असाव्यात, असं मानलं जातं. मला याचा अचंबा वाटतो, आणि लगेच त्या अचंब्याची लाजही वाटते. ती गाठ कुणाच्या तरी पोटात होती.

रिपोर्टात 'हाड' दिसलं की घरच्यांच्या पायाखालची जमीन सरकते. जालन्याहून छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात वडिलांना घेऊन गेलेला मुलगा आधी हेच विचारणार, "डॉक्टर, हाडापर्यंत गेलं का हो?" कर्करोग हाडात पसरणं वेगळं आणि गाठीतच हाड तयार होणं वेगळं. आजार कुठवर गेलाय ते लसिकाग्रंथींच्या तपासणीतून आणि स्कॅनमधून ठरतं, या हाडावरून नाही. एवढं त्याला कुणीतरी खुर्चीवर बसवून, सावकाश, त्याच्या भाषेत सांगायला हवं. परतीच्या एसटीत खिडकीशी बसलेले आबा त्यालाच विचारणार आहेत, "काय म्हणले रे डॉक्टर?"