वर्ष नसलेली वही

डहाणूच्या आगरला मामांच्या घराच्या माळ्यावर एक पत्र्याची पेटी होती. मामा गेल्यावर दोन वर्षांनी मामींनी ती खाली उतरवायला सांगितली. पेटीत डांबरगोळ्यांचा वास होता आणि त्याखाली खाऱ्या हवेत कुबट झालेल्या कागदाचा. आत दोन छोटे चषक होते, त्यांच्यावरचा मुलामा खपल्या धरून निघालेला. शिवण उसवलेला लाल चेंडू, विटक्या कापडाची टोपी, यष्टीवरची एक बेल, आणि सगळ्यांत खाली स्कोअरबुक.

वहीचे कोपरे कसरीने खाल्ले होते. पेन्सिलीची अक्षरे मात्र शाबूत होती. पेन्सिल उडत नाही. शाई उन्हाने फिकटते, दमटपणाने पसरते. शिसे तसेच राहते. एका पानावर अख्खा सामना होता. टिंबे, एकेरी धावा, मध्येच एक चौकार, मग पुन्हा ओळीने टिंबे. आठव्या क्रमांकाच्या फलंदाजाने बराच वेळ तग धरल्याचे स्पष्ट दिसत होते आणि शेवटच्या षटकात कुणीतरी घाई करून धावचीत झाल्याचेही. स्कोअरबुक वाचता येणाऱ्याला तो सामना चेंडूगणिक मनात पुन्हा खेळता येतो, जसा गाणाऱ्याला नोटेशनवरून राग ऐकू येतो. वर प्रतिस्पर्धी म्हणून ‘तलासरी’ लिहिले होते. खेळाडूंची नुसती पहिली नावे होती, एकदोघांची तर घरगुती टोपणनावे. तारीख नव्हती. वर्ष नव्हते. मैदानाचे नाव नव्हते.

त्या दुपारपासून खेळातल्या जुन्या वस्तू जमवण्याच्या छंदाबद्दल मी गंभीरपणे विचार करतो आहे. आपल्याकडे या छंदाची चर्चा होते ती लिलावाची रक्कम बातमीत आली की. मग रकमेबद्दल बोलणे होते आणि वस्तू बाजूला राहते. माझे म्हणणे असे आहे की लिलावात बोली लागते ती वस्तूला नाहीच. बोली लागते साक्षीला. ही वस्तू कुणाच्या हातून कुणाच्या हाती, कधी आणि कशी आली, याची न तुटलेली साखळी ज्याच्याजवळ आहे त्याला पैसे मिळतात. आणि ही साखळी पैशाने नंतर तयार करता येत नाही. ती माणसे जिवंत असतानाच लिहून घ्यावी लागते.

उदाहरण आपल्याच जुन्या जिल्ह्यातले आहे. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला. त्याआधी डहाणू आणि तलासरी ठाणे जिल्ह्यात होती. त्या ठाण्यात १९९३ साली श्रीरंग वासुदेव सोहोनी वारले. रंगा सोहोनी महाराष्ट्राकडून आणि मुंबईकडून खेळलेले अष्टपैलू, भारताकडून चार कसोटी सामने. १९४७-४८ मध्ये लाला अमरनाथ यांच्या नेतृत्वाखाली स्वतंत्र भारताचा पहिला संघ ऑस्ट्रेलियाला गेला, त्यात ते होते. मालिका आपण ४-० अशी हरलो. पण त्याच दौऱ्यात विजय हजारे यांनी ॲडिलेडच्या एकाच कसोटीत ११६ आणि १४५ धावा केल्या, आणि समोरच्या संघाचे कर्णधार डॉन ब्रॅडमन यांनी मालिकेत ७१५ धावांचा डोंगर रचला. या मालिकेतली आपली हिरवी टोपी ब्रॅडमन यांनी सोहोनींना भेट दिली. सोहोनी कुटुंबाने ती पंचाहत्तर वर्षे कुलपात ठेवली. घरातल्या मुलामुलीला सोळावे वर्ष लागले की टोपी पाहायला मिळे, तीही पाच मिनिटे. जानेवारी २०२६ मध्ये ती ऑस्ट्रेलियात लिलावाला आली, तेव्हा तिच्याबरोबर ही पाच मिनिटांची गोष्टही सांगितली गेली.

मला त्या पाच मिनिटांचे फार अप्रूप वाटते. तीन पिढ्यांनी एका टोपीभोवती व्रत पाळावे तसा नियम पाळला. प्रत्येक पिढीत कुणीतरी पुढच्याला सांगितले असणार की ही कुणाची, कुणाला दिली, केव्हा दिली. त्यामुळेच ती टोपी ब्रॅडमनची राहिली. नाहीतर एखाद्या दिवाळीच्या साफसफाईत ती जुने लोकरी कापड म्हणून बोहारणीच्या गाठोड्यात गेली असती. डिसेंबर २०२४ मध्ये सिडनीत ब्रॅडमन यांची याच मालिकेतली एक टोपी विकली गेली होती. ती भारतीय संघाचे व्यवस्थापक पंकज गुप्ता यांच्याकडे आलेली. माणूस तोच, मालिका तीच, कापड तेच. दोघींना एकमेकींपासून वेगळे करते ते फक्त त्या कुणाच्या घरी राहिल्या हे.

साक्ष खोटी असली तर काय होते, तेही पाहायला हवे. अमेरिकेत बेसबॉलच्या जुन्या वस्तूंचा नाद जुना आणि मोठा आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउन या गावात १९३९ पासून त्या खेळाचे भव्य संग्रहालय आहे. ते त्याच गावात का? कारण ॲब्नर डबलडे नावाच्या सेनाधिकाऱ्याने १८३९ साली तिथे बेसबॉल शोधून काढला, असा निर्वाळा १९०७ मध्ये एका समितीने दिला होता. त्याला आधार होता ॲब्नर ग्रेव्ह्ज नावाच्या एका वृद्धाच्या आठवणीचा. पुढे १९३४ च्या सुमारास जवळच्या एका शेतघराच्या माळ्यावर, ग्रेव्ह्ज यांच्या मानल्या गेलेल्या पेटीत, एक उसवलेला चेंडू सापडला. स्टीफन क्लार्क या धनिकाने तो पाच डॉलरला विकत घेतला आणि तो डबलडेचा चेंडू म्हणून ओळखला जाऊ लागला. त्या चेंडूभोवती प्रदर्शन उभे राहिले, प्रदर्शनातून संग्रहालय. इतिहासकारांनी डबलडेची कथा केव्हाच निकालात काढली आहे. १८३९ मध्ये तो कूपर्सटाउनला नव्हताच, लष्करी शिक्षण घेत होता. चेंडू मात्र खरोखर जुना आहे.

माळा, पेटी, उसवलेला चेंडू. हे मी प्रथम वाचले तेव्हा अंगावर काटा आला, कारण माझ्यासमोर टेबलावर तसाच चेंडू होता. जुनी वस्तू हाती आली की तिने काहीतरी मोठे सांगावे असे आपल्याला मनापासून वाटते. त्या इच्छेपोटी माणसे खोटे बोलत नाहीत, पण अर्धवट आठवणीला पूर्ण करून टाकतात. हे फसवणुकीपेक्षा धोक्याचे आहे. फसवणूक निदान पकडता तरी येते.

फसवणुकीचाही मासला द्यायला हवा. १९०९ ते १९११ दरम्यान सिगारेटच्या पाकिटांतून वाटलेल्या बेसबॉलपटूंच्या चित्रपत्त्यांपैकी होनस वॅग्नर या खेळाडूचा पत्ता अतिशय दुर्मीळ. त्याची सर्वांत प्रसिद्ध प्रत १९९१ मध्ये हॉकीपटू वेन ग्रेट्झ्की यांनी भागीदारीत साडेचार लाख डॉलरला घेतली. कडा इतक्या धारदार, कोपरे इतके नेटके, की त्या पत्त्याला जोड नव्हती. २०१३ मध्ये बिल मॅस्ट्रो या लिलावदाराने न्यायालयात कबूल केले की कडा त्यानेच कापून सरळ केल्या होत्या. वर्षानुवर्षे ज्या पत्त्याचे कौतुक झाले तो नेटका दिसत होता कारण त्याचे वय कापून टाकले होते.

हे वाचल्यावर मी मामांच्या वहीचे कसर लागलेले कोपरे कापायचा बेत सोडला. मामी म्हणाल्या होत्या, “स्वच्छ करून प्लास्टिकमध्ये घालून घे रे, चांगलं दिसेल.” लॅमिनेशन तर अशा कागदाचा शत्रूच, उष्णतेने एकदा चिकटलेले प्लास्टिक निघत नाही आणि आत अडकलेला दमटपणा कागद पिवळा करतो. आता ती वही सुती कापडात गुंडाळून, पुठ्ठ्याच्या खोक्यात, भिंतीपासून दूर आडवी ठेवली आहे. आगरच्या हवेत भिंतीला टेकवलेले काहीही वाळवीच्या हवाली होते. चेंडूला तेल लावलेले नाही. टोपी धुतलेली नाही. तिच्या आतल्या पट्टीवरचा घामाचा डागही साक्षीचाच भाग आहे.

मग प्रश्न उरला वर्षाचा.

इथे मला आमच्याच तालुक्यातल्या दुसऱ्या एका परंपरेची आठवण होते. वारली लग्नात घराच्या भिंतीवर सवाशिणी चौक काढतात. गेरूवर तांदळाच्या पिठाचे पांढरे रंगकाम, मधोमध पालघट देवी. लग्न पार पडले की त्या चित्राचे काम संपले. पावसाळ्याने भिंत खरवडली, पुन्हा सारवली गेली. जपून ठेवणे त्या चित्राच्या स्वभावातच नव्हते, आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. सगळेच जपायचे नसते. १९७० च्या दशकात हे चित्र कागदावर आले, गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ते जगभर नेले, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. संग्राहक आले, किंमत आली, कागदावर सही आली. पण त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या ज्या बायकांनी भिंती रंगवल्या त्यांची नावे कुठेही नाहीत. चित्रे गेली याचे दुःख नाही, ती जायचीच होती. नावे गेली याचे आहे. चित्र पुसतानाही नाव लिहून ठेवता आले असते. ते विचारायला कुणी गेले नाही.

गावच्या खेळाचेही असेच होत आले आहे. पारशांनी १८८६ आणि १८८८ मध्ये इंग्लंडचे दौरे केले, त्यांची गटाची छायाचित्रे आणि छापील धावफलक शिल्लक आहेत, कारण त्या समाजाला छापण्याची आणि जपण्याची सवय होती. पालवणकर बाळू यांनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेतले, हे आपण आज सांगू शकतो ते कुणीतरी प्रत्येक बळी वहीत मांडला म्हणून. ज्या माणसाला चहाही वेगळ्या भांड्यात मिळत असे, त्याच्या कर्तृत्वाची नोंद धावफलकाने मात्र जात न पाहता केली. अलीकडे पुण्यात सहकारनगरला रोहन पाटे यांनी क्रिकेटच्या वस्तूंचे संग्रहालय उभारले; २०१२ मध्ये सचिन तेंडुलकर यांच्या हस्ते ते सुरू झाले. तिथल्या बॅटी पाहताना मुलांचे डोळे विस्फारतात, आणि ते व्हायलाच हवे. पण ती नावाजलेल्यांची दुनिया आहे. तिची साक्ष द्यायला वर्तमानपत्रे आहेत, चित्रफिती आहेत.

पालघरजवळच्या माहीमचा शार्दूल ठाकूर किट घेऊन रेल्वेने मुंबईला सरावाला जायचा, हे या पट्ट्यातल्या प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. २०२१ मध्ये ब्रिस्बेनला त्याने पहिल्या डावात ६७ धावा केल्या आणि सामन्यात सात बळी घेतले. त्या सामन्यातली त्याची बॅट कुणीतरी जपेलच. मला विचाराल तर मी त्याचा त्या काळातला रेल्वेचा पास मागेन. इथल्या खेळाडूची खरी गोष्ट त्या पासात आहे: पहाटेची गाडी, दारातली गर्दी, बॅग डोक्यावर धरून उभे राहणे. असे पास मुदत संपली की फेकले जातात. डहाणूपर्यंत लोकल आली ती २०१३ मध्ये. त्याआधी आमच्याकडची मुले शटल आणि पॅसेंजरच्या वेळा सांभाळून खेळायला जात. त्यांची तिकिटे कुणाकडे असतील? जमवणाऱ्याने अशा वस्तूंच्या मागे लागावे असे मला वाटते, कारण श्रीमंत संग्राहक त्यांच्या मागे कधीच लागणार नाही.

मामांच्या वहीतल्या नावांपैकी तीन माणसे हयात आहेत. त्यांतले एक, संघाचे जुने यष्टिरक्षक, सुरूच्या बनाजवळ राहतात. वही त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी चष्मा पुसला, बोटाने एकेक टिंब मोजल्यासारखे केले आणि एका नावावर थांबले.

“हा सामना मला आठवतो. ह्याने झेल सोडला होता, तुझे मामा चार दिवस त्याच्याशी बोलले नाहीत.”

“कुठल्या साली, काका?”

“साल कसं सांगू? पण थर्मलची चिमणी नव्हती. मी यष्ट्यांमागे उभा होतो ना, समोर नुसतं आभाळ होतं. ते पक्कं आठवतं.”

डहाणूचा औष्णिक वीज प्रकल्प १९९५ मध्ये सुरू झाला. चिमणीचे बांधकाम त्याच्या आधीचे. म्हणजे सामना नव्वदीच्या सुरुवातीचा किंवा त्याआधीचा. वहीला पहिल्यांदा काळाची एक कड मिळाली. ती एका यष्टिरक्षकाच्या नजरेने दिली.

निघताना ते म्हणाले, “आणि लिहून घे, त्या दिवशी त्यांच्याकडून मुंबईचा एक रणजीवाला खेळला होता. हा बघ, हाच तो असणार.” त्यांचे बोट एका टोपणनावावर होते. त्या नावापुढे चार बळी होते.

माझ्या छातीत धडधडले हे कबूल करतो. ते खरे असेल तर ही वही कुणालाही दाखवण्यासारखी होते. घरी येऊन मी त्या पानाला कागदाचा एक वेगळा तुकडा जोडला, गोंद न लावता, नुसता आत सरकवून. त्यावर पेन्सिलीने लिहिले: ‘चिमणी बांधण्यापूर्वी. सांगणारे यष्टिरक्षक, स्वतः खेळलेले.’ खाली दुसरी ओळ: ‘चार बळी घेणारा मुंबईचा रणजी खेळाडू असावा. ऐकीव. दुसऱ्या कुणी सांगितलेले नाही.’ तारीख घातली, माझी सही केली.

उरलेल्या दोघांपैकी एक आता मुलाकडे तलासरीत राहतात. ते विरुद्ध संघातून खेळले होते की आमच्याकडून, यावर मामी आणि यष्टिरक्षक काका यांचे एकमत नाही. रविवारी त्यांच्याकडे जायचे ठरले आहे. रणजीचे मी आधी काढणार नाही. वही उघडून समोर ठेवेन आणि त्यांचे बोट कुठल्या नावावर थांबते ते पाहीन.